कळवायचे कुणाला आणि कशासाठी?

25 जानेवारी 2012 ची सकाळ पुणेकर अजून विसरलेले नाहीत. स्वारगेट आगारातून संतोष माने या एस.टी. चालकाने एक गाडी बाहेर काढली आणि भर रस्त्यांवरून बेफाम चालवीत 9 जणांना चिरडले. तीसहून अधिक माणसे जखमी झाली. त्याला ड्यूटी बदलून हवी होती, ती मिळाली नव्हती, असे खटल्यात पुढे आले. तो मनोरुग्ण आहे, असे बचाव पक्षाने सांगितले. न्यायालयाने ते मान्य केले नाही. 2013 साली त्याला फाशीची शिक्षा झाली. 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने ती बदलून जन्मठेप दिली.

संगमेश्वरच्या स्टँडवर एस.टी.ची वाट पाहताना आमच्या मनात आजही एक प्रश्न येतो. बिघडू लागलेल्या मनाची चिन्हे वेळीच कळवली, तर असे प्रकार टळतील काय?

काही टळतील, पण नुसत्या कळवण्याने नव्हे. 24 मार्च 2015 रोजी जर्मनविंग्ज कंपनीच्या सहवैमानिकाने विमान जाणूनबुजून फ्रान्समधील डोंगरावर आदळले. 150 जीव गेले. डॉक्टरांनी त्याला कामावर जाऊ नये म्हणून चिठ्ठी दिली होती. ती त्याने कंपनीपासून लपविली. नोकरी जाण्याची भीती माणसाला आजार लपवायला लावते, हे तपास अहवालानेही ध्यानात घेतले. उलट, अमेरिकेतील लुइस्टन येथे ऑक्टोबर 2023 मध्ये एका राखीव सैनिकाने 18 जणांना गोळ्या घातल्या. तिथे घरच्यांनी आणि सोबत्यांनी काही महिने आधीच सावध केले होते. पण त्याची शस्त्रे वेळीच काढून घेतली गेली नाहीत. म्हणजे एका ठिकाणी सांगण्याची भीती होती, तर दुसऱ्या ठिकाणी सांगूनही काम झाले नाही.

आणि आपल्याकडे? आमच्या ओळखीच्या एका घरातील तरुण मुंबईची नोकरी सोडून गावी परतला. रात्र रात्र जागा राहायचा. शेजारी आपल्यावर विष घालणार, असे बडबडायचा. एकदा कोयता घेऊन अंगणात उभा राहिला. आई म्हणाली, "भाऊ, कुणाला बोलू नका. धाकटीचे लग्न व्हायचे आहे." बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या त्या घरात कुणी भगताचे नावही सुचविले. आणि आम्ही? इतरांना शहाणपण सांगणारे आम्हीही तीन महिने गप्प बसलो. शेवटी मामाला सोबत घेऊन त्याला रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात नेले. आज तो गोळ्या घेतो आणि कामावर जातो. त्या तीन महिन्यांत काही घडले नाही, हे आमचे नशीब. त्यात आमचा शहाणपणा नव्हता.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. बहुसंख्य मनोरुग्ण कुणाच्या अंगावर धावत नाहीत. उलट त्यांनाच मार आणि टोमणे सोसावे लागतात. तसेच प्रत्येक हत्याकांडामागे वेड नसते. 29 सप्टेंबर 2006 रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांना मारणारा जमाव वेडा नव्हता. जातिद्वेषावर वेडाचे पांघरूण घालू देऊ नका.

नवरा, दोन मुले आणि आईवडील गमावून भ्रमिष्ट झालेल्या पटाचारेवर लोक ढेकळे फेकत होते. जेतवनात तिला अडवू लागले, तेव्हा तथागतांनी तिला जवळ येऊ दिले. तिला भानावर आणले. कुणी तरी आपले वस्त्र तिच्या अंगावर टाकले. पुढे ती थोर भिक्षुणी झाली. चिन्हे ओळखून आपण माणसाला कुठे पोहोचवायचे, हे त्या कथेतून शिकावे.

म्हणून घरात, वस्तीत किंवा कामावर कुणाची झोप उडाली, संशय वाढला, मरण्याच्या वा मारण्याच्या गोष्टी सुरू झाल्या, तर आधी शांतपणे बोला. हत्यार, कीटकनाशक हाताशी ठेवू नका. टेली-मानसचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि 24 तास चालतो. धोका दिसत असेल तर पोलिसांना कळवा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार पोलिसांनी अशा व्यक्तीला 24 तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचे असते, कोठडीत टाकायचे नसते. हे त्यांना नम्रपणे पण ठामपणे सांगा.

आणि कळवून झाल्यावर घरी बसू नका. औषधाला सोबत जा. तो बरा होऊन आला की त्याला पूर्वीच्याच नावाने हाक मारा. येत्या रविवारी विहाराच्या फळ्यावर 14416 हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहा. आम्ही आमच्या विहारात लिहिला आहे.