रूळ गेले, वाट राहिली

दक्षिण फ्रान्समधल्या कुर्न्यू या लहानशा गावाच्या पश्चिमेला डोंगराच्या पोटातून सुमारे ८०० मीटर लांबीचा एक बोगदा जातो. फेनीयचा बोगदा. एकेकाळी त्यातून आगगाड्या धावत. आज आत दिवे आहेत आणि वर्दळ आहे ती सायकलींची. या बोगद्याच्या माथ्यावर साडेचारशे मीटर उंचीची एक खिंड आहे. खिंडीच्या पश्चिमेला पडलेला पाऊस तोरे नदीत जातो आणि आगू, तार्न, गारोन अशा एकीतून दुसरीत शिरत शेवटी अटलांटिक महासागराला मिळतो. पूर्वेला पडलेला पाऊस झॉर नदीत उतरतो, झॉर ऑर्बला मिळते आणि ऑर्ब भूमध्य समुद्राला. हा पाणलोट ओलांडायला सायकलस्वाराला चार-पाच मिनिटं पुरतात, आणि त्यासाठी घाट चढावा लागत नाही.

मझामे ते बेदार्यू असा जवळपास ८० किलोमीटरचा हा मार्ग ‘पासा पाईस’ या नावानं ओळखला जातो. जुन्या रेल्वेमार्गाचे रूळ काढून त्याच पायावर तो तयार केला आहे. मोटारींना इथे बंदी आहे. काही पट्ट्यांवर डांबर असलं तरी बराचसा रस्ता दाबून बसवलेल्या बारीक खडीचा आणि मातीचा आहे, आणि म्हणूनच ग्रॅव्हल सायकल चालवणाऱ्यांचा तो लाडका झाला आहे.

ग्रॅव्हल सायकल लांबून शर्यतीच्या सायकलीसारखीच दिसते, तसंच खाली वळलेलं हँडल. जवळ गेल्यावर फरक कळतो. टायर ३८ ते ४५ मिलिमीटर रुंद, त्यात हवा कमी, चाक आणि सांगाडा यांच्यात चिखल अडकू नये म्हणून मोकळी जागा, आणि सामान लादून चढ चढता यावा असे हलके गिअर. बहुतेक जण ट्यूब वापरतच नाहीत. टायरमध्ये एक पातळ द्रव भरलेला असतो. काटा घुसला की तोच द्रव भोकात जाऊन घट्ट होतो आणि हवा आत राहते. बाभळीसारखे काटे या दरीत नसले तरी फुटलेल्या पाटीच्या दगडाच्या धारा आहेत, त्यामुळे हा द्रव उपयोगी पडतो.

हा प्रकार नवा वाटतो. अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये २००६ साली सुरू झालेल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीनं त्याला नाव मिळवून दिलं. २०२२मध्ये इटलीच्या व्हेनेतो प्रांतात पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. तिथे महिलांमध्ये पहिली आली ती फ्रान्सची पोलीन फेराँ-प्रेव्हो, जिनं पुढे २०२५ साली महिलांची तूर द फ्रान्सही जिंकली. पण फ्रान्समध्ये खडीवरची सायकल ही मुळीच नवी गोष्ट नाही. डांबर येण्याआधी सगळे रस्ते खडीचेच होते. सेंत-एतिएन शहरात पॉल द विव्ही नावाचे एक गृहस्थ होते (१८५३–१९३०). रेशमाचा व्यापार सोडून ते सायकलीच्या नादी लागले, १८८७ साली त्यांनी सायकलीला वाहिलेलं मासिक काढलं आणि ‘वेलोसियो’ या टोपणनावानं आयुष्यभर एकच आग्रह धरला: सायकल शर्यतीपुरती नाही, मुलूख पाहण्यासाठी आहे. त्यासाठी रुंद टायर हवेत आणि गिअर हवेत. गिअर बदलण्याची सोय तूर द फ्रान्सच्या आयोजकांनी १९३७ सालापर्यंत मान्य केली नव्हती. आज ज्याला ग्रॅव्हल म्हणतात ते वेलोसियोंचंच म्हणणं आहे, फक्त धातू आणि रबर सुधारलं आहे.

मार्गाचं पश्चिम टोक असलेलं मझामे हे लोकरीचं गाव. १८५१च्या सुमारास इथल्या व्यापाऱ्यांनी अर्जेंटिनातून मेंढ्यांची कातडी मागवायला सुरुवात केली. कातडी भिजवून उबदार, दमट खोल्यांत टांगून ठेवत. काही दिवसांत मुळं सैल झाली की लोकर खरवडून काढत. लोकर एकीकडे विकली जाई, कातडं दुसरीकडे. धुण्यासाठी मऊ पाणी लागे, आणि ते काळ्या डोंगरातून येणाऱ्या आर्नेत नदीत भरपूर होतं. कातडी पुढे ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेतूनही येऊ लागली आणि या कामात मझामेचं नाव जगभर झालं. रेल्वे इथवर १८६६मध्ये पोचली, डोंगर ओलांडून बेदार्यूपर्यंत जायला १८८९ साल उजाडलं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापडाचा धंदा बसला. १९७०च्या दशकात प्रवासी गाड्या थांबल्या, मागोमाग मालगाड्याही. तोरेच्या काठानं जाताना बंद गिरण्यांच्या लांबलचक भिंती आणि रिकाम्या खिडक्यांच्या रांगा दिसत राहतात. लाबास्तीद-रुएरू गावात एका जुन्या गिरणीत वस्त्रोद्योगाचं संग्रहालय आहे. घाई असली तरी ते चुकवू नये, कारण हा रस्ता कुणासाठी बांधला गेला होता ते तिथेच कळतं.

रेल्वेच्या इंजिनाला तीव्र चढ झेपत नाही. त्यामुळे अभियंत्यांनी डोंगर कापले, दऱ्या भरल्या, पूल टाकले आणि चढ इतका पसरवला की डोळ्यांना तो जाणवतही नाही. एरवी या डोंगराळ मुलखात सायकल चालवायची तर पायांत चांगली ताकद लागते. या वाटेवर मात्र साठी ओलांडलेलं जोडपं, मागच्या गाडीत मूल बसवलेली आई आणि सामानानं लादलेला लांबचा प्रवासी एकाच पट्टीवर येतात. एकोणिसाव्या शतकातल्या हिशेबी बांधकामाचा असा उपयोग पुढे होईल हे त्या अभियंत्यांच्या मनातही आलं नसेल.

फेनीयच्या बोगद्याच्या अलीकडे, म्हणजे पश्चिमेला, बीचची दाट झाडी, ओली कुरणं आणि पाटीच्या दगडानं मढवलेल्या घरांच्या भिंती. पावसाचा मारा पश्चिमेकडून येतो, म्हणून त्या बाजूच्या भिंतीला दगडी पाट्यांचा अंगरखा. पलीकडे उतरू लागलं की ऊन कोरडं होतं. आधी चेस्टनटची झाडं, मग सदाहरित ओक, मग चेरीच्या बागा, द्राक्षमळे आणि शेवटी ऑलिव्ह. हा बदल मोटारीतूनही दिसतो, पण सायकलीवर तो नाकालाही कळतो. ओल्या पानांचा वास मागे पडतो आणि तापलेल्या झुडपांचा वास यायला लागतो.

याच रेल्वेसाठी बोगदा खणताना १८८६ साली कामगारांना डोंगरात एक पोकळी लागली. आत दवेझची गुहा होती. तिच्यातले चुन्याचे धागे इतके बारीक आणि पांढरेशुभ्र आहेत की तिला ‘काच कातणारीचा महाल’ म्हणतात. आज ती पाहता येते आणि कुर्न्यूच्या जुन्या स्टेशनापासून फार दूर नाही. पुढच्या सें-पाँ-द-तोम्येर गावात झॉर नदी एका कड्याखालून एकदम भरल्या पात्रानं बाहेर पडते. चुनखडीच्या डोंगरात मुरलेलं पाणी तिथे उजेडात येतं. तूलूजच्या काउंटनं इथे ९३६ साली मठ स्थापला, त्याचंच पुढे कॅथेड्रल झालं.

झॉरच्या खोऱ्यातलं सगळ्यात देखणं गाव ओलार्ग. नदीनं तिन्ही बाजूंनी वेढलेल्या टेकडीवर घरं दाटीनं चढत गेली आहेत, माथ्यावर जुन्या किल्ल्याचा बुरूज घंटाघर होऊन उभा आहे आणि खाली नदीवर एका उंच कमानीचा दगडी पूल आहे. तो १२०२च्या सुमाराचा मानतात आणि लोक त्याला सैतानाचा पूल म्हणतात. रेल्वेची वाट गावाबाहेरून लोखंडी पुलावरून जाते. तिथे थांबून मागे वळून पाहिलं की दगडी पूल, टेकडी आणि बुरूज एका नजरेत येतात.

ओलार्गच्या उतारांवरची चेस्टनटची झाडं शोभेसाठी लावलेली नाहीत. डोंगरउतारावर गहू पिकत नसे, तेव्हा शेकडो वर्षं माणसं चेस्टनटवर जगली. या झाडाला इथे ‘भाकरीचं झाड’ म्हणत आले आहेत. फळं ओली टिकत नाहीत म्हणून रानात ‘सेकादू’ बांधत. सेकादू म्हणजे एक छोटं दगडी घर, मध्ये फटी ठेवून घातलेला फळ्यांचा माळा. वर चेस्टनट पसरायची, खाली लाकडाची आग धुमसत ठेवायची. ज्वाळा नको, धूर आणि ऊब हवी. तीन-चार आठवडे रात्रंदिवस कुणीतरी ती आग राखे. मग वाळलेली फळं बडवून सालं काढायची आणि वर्षभर सूप, पीठ, डुकरांचं खाणं, सगळं त्यातून भागवायचं. पुढे झाडांना रोग लागले, माणसं शहरांकडे गेली, आणि आज वाटेच्या वरच्या रानात छप्पर कोसळलेले कितीतरी सेकादू झुडपांत बुडालेले दिसतात. तरी ऑक्टोबरच्या अखेरीला आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला, म्हणजे आपल्याकडे दिवाळीची धामधूम असते त्याच सुमारास, या खोऱ्यात भाजलेले चेस्टनट आणि नवी वाइन यांचे उत्सव भरतात. रंग चढलेली झाडी आणि कमी गर्दी पाहता हाच या वाटेचा सर्वोत्तम हंगाम.

त्यात एक धोका मात्र आहे. शरद ऋतूत समुद्रावरची दमट हवा या डोंगरांवर आदळते आणि काही तासांत महिन्याभराचा पाऊस कोसळतो. सप्टेंबर २०१४मध्ये अशाच एका रात्री लामालू-ले-बें इथे ओढ्याला लोंढा आला आणि तंबूतळावरच्या चार जणांचा जीव गेला. हवामान खात्यानं इशारा दिला असेल तर नदीकाठी तंबू ठोकू नये, पाणी कितीही निवांत दिसो. उन्हाळ्यात उलटी भीती, वणव्याची. रानातून अग्निशमनाच्या गाड्यांसाठी काढलेले कच्चे रस्ते इथे सर्वत्र आहेत. मुख्य वाट सोडून डोंगरात शिरणारे ग्रॅव्हलवाले त्यांचाच उपयोग करतात. पण वणव्याचा धोका वाढला की प्रशासन रानात जायला बंदी घालतं. निघण्याआधी त्या दिवसाचा आदेश पाहायचा, हे इथे पाण्याची बाटली भरण्याइतकंच आवश्यक आहे.

ओलार्गनंतर डावीकडे कारू डोंगर उभा राहतो. उंची १०९१ मीटर, पण नदीपासून तो जवळजवळ सरळ उठत असल्यानं आहे त्याहून मोठा वाटतो. दुरून त्याची कडा आडव्या झोपलेल्या बाईसारखी दिसते. १९५०च्या दशकात इथे मूफ्लों ही रानमेंढी आणून सोडली. तिचे कळप आता कड्यांवर राहतात, पहाटे किंवा संध्याकाळी दिसण्याची शक्यता अधिक. डोंगराच्या कुशीतून एरिकची घळ उतरते. गुळगुळीत झिजलेला खडक आणि त्यातले हिरव्या पाण्याचे डोह. सायकल खाली ठेवून तिथे पायीच जावं.

तारासाकजवळ झॉर ऑर्बला मिळते आणि वाट ऑर्बच्या काठानं उलटी, प्रवाहाच्या विरुद्ध चालू लागते. लामालूचे गरम झरे मज्जासंस्थेच्या विकारांवर गुणकारी मानले जात. पॅरिसचे विख्यात डॉक्टर शार्को आपले रुग्ण इथे पाठवत. त्यांतच कादंबरीकार आल्फाँस दोदे होते. पाठीच्या कण्याच्या असह्य व्याधीनं ग्रासलेल्या दोदेंनी आपल्या वेदनेच्या आणि इथल्या सहरुग्णांच्या नोंदी लिहून ठेवल्या. त्या त्यांच्या मृत्यूनंतर, १९३० साली पुस्तकरूपानं आल्या. ज्या खोऱ्यात आज माणसं पायांचा आनंद घ्यायला येतात, तिथे दोदे चालणं हातचं निसटताना पाहत होते.

एरेपियाँ गाव घंटांच्या ओतकामासाठी प्रसिद्ध आहे, आणि तिथून बेदार्यू जवळच. बेदार्यूला ३७ कमानींचा रेल्वेपूल ऑर्बवरून अजून जागता आहे. त्यावरून बेझिएहून येणारी गाडी उत्तरेला मासिफ सेंत्रालच्या पठारावर जाते. पश्चिमेच्या टोकाला मझामेहून तूलूजची गाडी मिळते. दोन्ही टोकांना रेल्वे असल्यामुळे मोटारीशिवाय ही सहल पार पाडता येते, आणि पश्चिमेकडून पूर्वेला गेलं तर बहुधा वाराही पाठीवर असतो. गाडीत सायकल नेता येते, पण बेदार्यूच्या मार्गावर फेऱ्या मोजक्या आहेत. तेव्हा मुक्कामाचं ठिकाण ठरवण्याआधी वेळापत्रक पाहावं, आणि बेदार्यूची गाडी संध्याकाळची असेल तर लामालूहून दुपारीच निघावं.