डॉब्सनमाशी : ओळख, वर्गीकरण आणि जीवनक्रम

सिलतरा परिसरात प्रकाश सापळ्यात भाताच्या खोडकिड्याचे पतंग येतील. डॉब्सनमाशी येण्याची शक्यता फारच थोडी. सपाट भातखाचरे आणि संथ, गाळाचे नाले हा तिचा अधिवास नव्हे. तिला खळाळते, थंड, प्राणवायूयुक्त पाणी व दगडगोट्यांचा तळ लागतो. तरीही विस्तार कार्यकर्त्यांना तिची ओळख असावी. कारण डोंगराळ भागात ती दिव्यावर आली, की तिचा आकार व जबडे पाहून तिला पिकाची शत्रू ठरविले जाण्याचा धोका असतो. प्रत्यक्षात ती पिकाला उपद्रव करीत नाही.

नावात ‘माशी’ असली तरी हिला पंखांच्या दोन जोड्या असतात. खऱ्या माशीला एकच. हिचा गण मेगॅलॉप्टेरा. मावा फस्त करणाऱ्या आपल्या परिचित क्रायसोपाचा गण न्यूरॉप्टेरा हा त्याचा निकटचा आप्त. मेगॅलॉप्टेरात कोरिडॅलिडी व सियालिडी ही दोन कुले येतात. पैकी कोरिडॅलिडीत डॉब्सनमाश्या (उपकुल कोरिडॅलिनी) व फिशफ्लाय (उपकुल चॉलिओडिनी) मोडतात. भारतातील बहुतेक जाती हिमालय व ईशान्येकडील आहेत. दक्षिण भारतातून ‘नेव्रोमस ऑस्ट्रोइंडिकस’ या जातीचे वर्णन २०१२ मध्ये झाले.

मादी पाण्यावर झुकलेल्या पानांवर वा खडकांवर पुंजक्याने अंडी घालते. अळ्या बाहेर पडताच पाण्यात उतरतात आणि इतर जलकीटकांची शिकार करीत वाढतात. काही जातींत ही अवस्था दोन-तीन वर्षे चालते. कोषावस्था मात्र काठावरच्या मातीत, दगडाखाली. प्रौढ अल्पायुषी असतो. काही जातींच्या नराचे सुळ्यांसारखे जबडे भीतीदायक दिसतात खरे, पण चावा मादीच्या आखूड जबड्यांचाच झोंबतो!

अळी ओळखणे सोपे आहे. पोटाच्या दोन्ही बाजूंस आठ-आठ तंतू, शेवटी आकड्यांचे दोन पाय, आणि डॉब्सनमाशीत तंतूंच्या बुडाशी कल्ल्यांचे झुबके. फिशफ्लायच्या अळीत हे झुबके नसतात. सियालिडीच्या अळीत तंतूंच्या सातच जोड्या व टोकाला एक शेपटीसारखा तंतू असतो.

हिल्सेनहॉफ यांच्या १९८८ च्या कुलनिहाय निर्देशांकात, ० ते १० या प्रदूषण-सहनशीलतेच्या मापनावर, कोरिडॅलिडीला ० व सियालिडीला ४ अंक आहेत. मात्र हे अंक उत्तर अमेरिकेतील ओढ्यांवरून ठरलेले आहेत. सिलतऱ्याच्या नाल्यात ही अळी नाही, यावरून कारखान्यांच्या सांडपाण्याविषयी काहीच सिद्ध होत नाही. तेथे ती मुळात राहूच शकत नाही. याउलट, दरवर्षी अळ्या सापडणाऱ्या डोंगरी ओढ्यातून त्या नाहीशा झाल्या, तर वरच्या अंगाच्या शेतांतील फवारणी, उपसा व गाळ यांची चौकशी अवश्य करावी.

तपासणीसाठी प्रवाहात जाळी धरून तिच्या वरच्या बाजूचे दगड हलवावेत. अळी चिमट्यानेच उचलावी. ओळखीसाठी एकच नमुना ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवून ओढ्याचे नाव व तारीख लिहावी. दगड पूर्ववत ठेवावेत.