तापीकाठची जुनी राजधानी : बऱ्हाणपूर

खानदेशाची जुनी राजधानी कोणती, असा प्रश्न आपल्याकडच्या एखाद्या शाळेत विचारून पाहावा. धुळे म्हणणारी मुले निघतील, जळगाव म्हणणारी निघतील, एखादा चुणचुणीत मुलगा थाळनेर म्हणेल आणि गुरुजी त्याला शाबासकी देतील. बऱ्हाणपूरचे नाव मात्र सहसा कोणी घेणार नाही. कारण उघड आहे. ते शहर आज आपल्या राज्याच्या रेषेपलीकडे, मध्य प्रदेशात आहे. इंग्रजी अमलात आपला खानदेश मुंबई इलाख्यात राहिला आणि बऱ्हाणपूर मध्य प्रांताच्या निमाड जिल्ह्यात गेले. २००३ साली त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. नकाशावरची रेघ अशी पडली, की आपली राजधानी आपल्याच पाठ्यपुस्तकातून निसटली. आमच्या पाचोरा भागातल्या शाळांची सहल अजिंठ्याला जाते, वेरूळला जाते, आता तर कोकणातही जाते. पण सव्वाशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या बऱ्हाणपूरला क्वचितच जाते. म्हणून आज त्या शहराची ओळख करून द्यायची आहे. तिथे काय पाहावे हे सांगायचे आहेच. पण कसे पाहावे, हेही थोडे सांगेन.

जाणे अगदी सोपे. पाचोऱ्याला गाडीत बसावे. जळगाव, भुसावळ मागे टाकले की गाडी तापी ओलांडते आणि सावदा, निंभोरा, रावेर अशी स्टेशने येतात. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. रावेरनंतर राज्य बदलते, पण खिडकीतून ते काही कळत नाही. तीच काळी माती, तीच केळी, उत्तरेला तोच सातपुडा. उतरल्यावर बाजारात मराठी बोलणारी माणसे भेटतात, तेव्हा तर परराज्यात आल्यासारखे वाटतच नाही.

आता थोडा इतिहास, कारण त्याच्यावाचून तिथले दगड बोलत नाहीत. चौदाव्या शतकाच्या अखेरीस मलिक राजा नावाच्या सरदाराने तापीकाठी थाळनेर येथे आपली सत्ता उभी केली. हेच फारुकी घराणे. शिरपूर तालुक्यातल्या थाळनेरला या घराण्याच्या कबरी आजही आहेत. १३९९ साली मलिक राजा वारला आणि त्याचा मुलगा नसीरखान याने असीरगडचा बळकट किल्ला हस्तगत केला. मग गडाच्या दक्षिणेला तापीच्या उत्तर काठावर त्याने नवे शहर वसवले. सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावावरून ते बऱ्हाणपूर झाले. समोरच्या काठावर वस्ती झाली, तिला त्यांचे शिष्य झैनुद्दीन यांच्या नावावरून झैनाबाद म्हणू लागले. या दोन्ही संतांचे दर्गे आपल्या खुलताबादेत आहेत. म्हणजे गाव तापीचे आणि नाव गोदावरीकडच्या डोंगरावरचे. पुढे दोनशे वर्षे फारुकींनी इथून खानदेशावर राज्य केले. १६०१ च्या जानेवारीत असीरगड अकबराच्या हाती पडला आणि मोगलांच्या दख्खन स्वाऱ्यांची छावणी म्हणून बऱ्हाणपूर आणखीच वाढले.

पाहायला आरंभ करावा तो जामा मशिदीपासून. गावाच्या मध्यात आहे. शुक्रवार आणि नमाजाच्या वेळा सोडून जावे, पादत्राणे बाहेर काढावीत, आत कोणी वडीलधारे असतील त्यांना विचारून मुलांना न्यावे. मशीद काळ्या दगडाची आहे. दोन उंच मिनार आहेत आणि दर्शनी बाजूला १५ कमानी आहेत. वर घुमट नाही. राजा अलीखान या फारुकी राजाने ती बांधली. पण शिक्षकांनी मुलांना मुद्दाम दाखवावी अशी गोष्ट मिनारांत नाही, ती आतल्या भिंतीवर आहे. तिथे अरबी लेखाच्या जोडीला देवनागरी लिपीत चक्क संस्कृत शिलालेख कोरलेला आहे! मशिदीत संस्कृत लेख. त्यात ईश्वराला नमन आहे, फारुकी राजांची वंशावळ आहे आणि काळ दिला आहे तो आपल्या पंचांगाच्या रीतीने : संवत १६४६, शके १५११, पौष महिना, शिवाय तिथी आणि नक्षत्रसुद्धा. इंग्रजी हिशेबाने १५९० चा जानेवारी येतो. शके १५११ मध्ये ७८ मिळवले की १५८९ येते; मग पौष महिना कधी जानेवारीत कसा जातो, हे मुलांना तिथेच उभे राहून समजावता येईल. फळ्यावर हे गणित कोरडे वाटते, तिथे वाटत नाही. अकबराने असीरगड जिंकल्याचा फारसी लेखही याच मशिदीत आहे. त्या दोन लेखांमध्ये फक्त अकरा वर्षांचे अंतर आहे आणि तेवढ्यात खानदेशाचे एक राज्य बुडालेले आहे.

तिथून तापीच्या काठी शाही किल्ल्याकडे यावे. पडझड पुष्कळ झालेली आहे. हमामखाना म्हणजे स्नानगृह मात्र पाहण्यासारखे आहे. त्याच्या छतावरची रंगीत नक्षी अजून ओळखू येते. गाइड मंडळी इथे मुमताजमहालची कथा लावतात. कथा खरीच आहे. शाहजहान दख्खनच्या मोहिमेसाठी इथे मुक्कामाला असताना १७ जून १६३१ रोजी चौदाव्या बाळंतपणात मुमताज वारली. पलीकडे झैनाबादच्या बागेत तिला तात्पुरते पुरले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिचा देह आग्र्याला नेला. पुढे ताजमहाल झाला, तो सगळ्यांना ठाऊक आहे.

पण त्याच महिन्यांत या शहरात आणखी काय चालले होते, ते सहसा कोणी सांगत नाही. १६३० ते १६३२ हा दख्खन आणि गुजरातेतला भयंकर दुष्काळाचा काळ. तुकोबांच्या चरित्रात जो दुष्काळ येतो, ज्यात त्यांची पहिली पत्नी गेली, तोच हा काळ. माणसे अन्नावाचून रस्त्यात पडत होती. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी सुरतेहून या वाटेने गेला, त्याने रस्त्याकडेच्या प्रेतांचे वर्णन लिहून ठेवले आहे. बादशहाने बऱ्हाणपुरात अन्नछत्रे उघडली आणि दर सोमवारी ५,००० रुपये वाटण्याचा हुकूम केला. असे वीस सोमवार, म्हणजे एक लाख रुपये. एका राणीच्या मृत्यूची आठवण संगमरवरात राहिली, त्या हजारो माणसांची कुठेच राहिली नाही. किल्ल्याच्या गच्चीवरून नदी पाहताना दोन्ही आठवावेत.

याच ठिकाणची एक गंमत विल्यम फिंच या इंग्रज प्रवाशाने १६१० च्या सुमारास लिहिली आहे. किल्ल्यालगत नदीच्या पात्रात दगडाचा हत्ती होता. तो इतका हुबेहूब, की पाणी प्यायला आलेल्या एका खऱ्या हत्तीने त्याला धडक दिली आणि स्वतःचे दात मोडून घेतले! दगडी हत्तीच्या कपाळाला रंग लावून लोक त्याची पूजा करीत, असेही फिंच सांगतो. त्यानंतर पाचच वर्षांनी इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो इथे आला आणि शाहजादा परवेझला भेटला. तवेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या तर इथल्या तलम मलमलीबद्दल लिहितो, की ती इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो, पोलंड आणि थेट रशियापर्यंत जाते. खानदेशातल्या विणकराच्या हातचे वस्त्र मॉस्कोच्या बाजारात! हातमाग गेले, पण यंत्रमागाची खडखड बऱ्हाणपूरच्या गल्ल्यांत आजही ऐकू येते.

मराठी माणसाने मुद्दाम जावे असे ठिकाण म्हणजे तापी आणि मोहना यांच्या संगमावरची राजा जयसिंगाची छत्री. पुरंदरचा १६६५ चा तह ज्याने शिवाजीमहाराजांवर लादला, तो हा मिर्झा राजा. महाराज आग्र्याहून निसटले, राजावर बादशहाची मर्जी खप्पा झाली आणि दख्खनेतून परत जाताना २८ ऑगस्ट १६६७ रोजी तो बऱ्हाणपुरात वारला. पुढे १६८१ च्या आरंभी, संभाजीमहाराजांच्या कारकिर्दीत, मराठ्यांच्या फौजेने इथला श्रीमंत बहादुरपुरा तीन दिवस लुटला. १७६० साली उदगीरच्या विजयानंतर तर शहर आणि असीरगड दोन्ही पेशव्यांकडे आले. आपल्या इतिहासात हे नाव असे सारखे डोकावते, पण आपण धड्यातले नाव आणि स्टेशनावरची पाटी यांची गाठ घालत नाही.

वेळ असेल तर उतावळी नदीकाठी शाहनवाजखानाची कबर पाहावी. हल्ली तिला काळा ताजमहाल म्हणतात. नाव जरा ताणलेलेच आहे, इमारत मात्र नेटकी आहे. बोहरा समाजाची दर्गाह-ए-हकीमी अत्यंत स्वच्छ, शांत जागा आहे. १७०८ साली नांदेडला जाताना गुरू गोविंदसिंग इथे थांबले होते, त्या स्मरणार्थ गुरुद्वारा आहे. असीरगड शहरापासून वीसेक किलोमीटर. त्याला स्वतंत्र दिवस ठेवावा, एका दिवसात दोन्ही कोंबू नयेत.

आता ज्यासाठी शेतकरी मंडळींनी अवश्य जावे, त्या गोष्टीकडे येतो. ती जमिनीवर नाही, जमिनीच्या पोटात आहे. तिला कुंडी भंडारा म्हणतात. खुनी भंडारा असेही नाव चालते. अकबराच्या दरबारातला अब्दुर्रहीम खानखाना, म्हणजे हिंदी दोह्यांचा कवी रहीम, इथे सुभेदार होता. त्याच्या कारकिर्दीत, १६१५ च्या सुमारास, इराणी जाणकाराच्या देखरेखीखाली हे काम झाले.

आपल्याला वाटेल, पायाशी तापी असताना हा खटाटोप कशाला? पण शहर उंच दरडीवर, त्यात लष्कराची छावणी, हत्ती-घोडे, कारखाने. उन्हाळ्यात नदी आटते, पावसाळ्यात गढूळ होते. शिवाय शत्रूने नदीचे पाणी नासवले तर काय, ही धास्ती होती असेही सांगतात.

युक्ती अशी. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोटे आणि वाळू यांचा जाड थर आहे. भूशास्त्रात त्याला बजाडा म्हणतात. रावेर-यावलच्या शेतकऱ्याला तो पुस्तकाशिवाय ठाऊक आहे, कारण डोंगरातून आलेला नाला तिथे बघता बघता जमिनीत जिरतो. जिरलेले पाणी थांबत नाही, जमिनीखालून हळूहळू तापीकडे सरकत राहते. त्या काळच्या जाणकारांनी हे सरकते पाणी वाटेतच धरले. डोंगराकडून शहराकडे एका ओळीत विहिरींसारख्या कुंड्या खणल्या, सुमारे वीस-वीस मीटरवर एक. आणि त्यांचे तळ एका भुयाराने जोडले. भुयाराला उतार दिला, पण जमिनीच्या उतारापेक्षा कमी. त्यामुळे डोंगराकडे ऐंशी फूट खोल असलेले पाणी शहराकडे येईपर्यंत जमिनीच्या जवळ येते आणि आपोआप वाहते. मोट नाही, रहाट नाही, इंजिन नाही. कुंड्या कशासाठी? खणताना माती वर काढायला, आत हवा खेळायला आणि गाळ उपसायला माणूस उतरावा म्हणून. पांझरेकाठच्या फडाचे पाट आपण पाहिले असतील. बंधाऱ्याचे पाणी नुसत्या उताराने शेवटच्या वाफ्यापर्यंत जाते. तेच तत्त्व इथे जमिनीखाली नेले आहे, इतकेच. मौज म्हणजे ज्या मलिक अंबराशी खानखाना झुंजत होता, त्या अंबरानेही त्याच सुमारास खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, अशीच नहर आणली. रणात वैरी, पण पाण्याच्या बाबतीत दोघांची विद्या एक.

असे आठ भंडारे होते. काही बुजले, काही मोडले. या एका भंडाऱ्यात शंभराच्या आसपास कुंड्या आहेत आणि चारशे वर्षांनंतरही भुयारात पाणी वाहते. एका कुंडीत पर्यटकांसाठी लोखंडी पाळणा बसवलेला आहे. तो चालू असेल तर खाली उतरून पाहता येते. भिंतींवर चुन्याची पांढरी पुटे चढलेली दिसतात. ही पुटे वाढली की झरे बुजतात, हा एक धोका. दुसरा मोठा आहे. हे सारे यंत्र जमिनीतल्या पाण्याच्या पातळीवर चालते, आणि केळीच्या पट्ट्यात ती पातळी बोअरच्या उपशाने वर्षानुवर्षे खाली जात आहे. पातळी भुयाराच्या तळाखाली गेली, तर दगडाला दगड शाबूत असूनही भंडारा कोरडा पडेल. मार्च २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्याचे नाव आले, ही आनंदाची गोष्ट. पण यादी पाणी जिरवत नाही. १० मे २०२५ रोजी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात तापी खोऱ्याच्या महापुनर्भरण योजनेचा करार झाला, तो याच बजाडा पट्ट्यात तापीचे पाणी मुरवण्यासाठी. ती योजना उभी राहील तेव्हा राहील. तोवर आपल्या शेतातला नाला कुठे जिरतो, हे तरी आपण पाहून ठेवावे. पाळण्यातून वर आल्यावर कुंडीच्या काठावर मुलांना बसवून हे सांगितले, तर भूगोलाचा एक तास सत्कारणी लागेल.

संध्याकाळी बाजारात मावा जिलबी खावी. आपल्या जिलबीपेक्षा ती काळसर आणि जाडजूड असते. घरी न्यायला दराबा घ्यावा, तो टिकतो. स्टेशन लालबागला आहे, शहरापासून तीनेक किलोमीटरवर. तेव्हा शाळेची मुले बरोबर असतील तर गाडीच्या वेळेआधी तासभर तरी बाजारातून निघावे.