परसातील अवगाहकुंड : अल्पखर्चात स्वेदनाची सोय

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायात तेरा साग्निस्वेद सांगितले आहेत. त्यांपैकी नाडीस्वेद आणि पोटलीचा संकरस्वेद एवढेच आज आपल्या चिकित्सालयांत सर्रास दिसतात. अवगाहस्वेद पाठ्यपुस्तकात राहिला, कारण लाकडी किंवा फायबरच्या द्रोणीची किंमत ऐकूनच लहान गावातील वैद्य तो विचार सोडून देतो. वास्तविक कटिशूल, गृध्रसी यांसारखे वातविकार ज्यांना अधिक जडतात ते शेतकरी आणि कष्टकरी या स्वेदाचे खरे अधिकारी होत. वाग्भटानेही अर्श, मूत्रकृच्छ्र आदींच्या वेदनांत अवगाहाचा मुद्दाम निर्देश केला आहे. अशा रुग्णास निवासी केंद्रात पंधरा दिवस राहणे परवडत नाही; परंतु घरामागे थोडी मोकळी जागा मात्र असते.

शार्ङ्गधराने अवगाहाच्या पात्रासाठी सोने, रूपे, तांबे, लोखंड आणि लाकूड अशी सर्व द्रव्ये चालतील असे म्हटले आहे. म्हणजे आग्रह द्रव्याचा नाही. तो पात्राच्या गुळगुळीतपणाचा आणि द्रवाच्या पातळीचा आहे. नाभीच्या वर सहा अंगुळे पाणी यावे, हे त्याचे माप. बसलेल्या मध्यम बांध्याच्या माणसास त्यासाठी सुमारे ३५ सें.मी. खोल पाणी लागते. यावरून विटांच्या कुंडाचे आतील माप १०० सें.मी. लांब, ६० सें.मी. रुंद व ४५ सें.मी. उंच असे धरावे. लांबी याहून वाढवू नये. गृध्रसीच्या रुग्णास पाय सरळ ताणून बसणे दुःसह होते, गुडघे किंचित दुमडलेलेच बरे. शिवाय पाणीही वाचते.

कुंड जमिनीवरच बांधावे, गच्चीवर किंवा सज्जात नव्हे. पाणी, विटा आणि माणूस यांचे एकत्रित वजन पुष्कळ होते. चार इंच जाडीचा काँक्रीटचा थर, त्यावर अर्ध्या विटेची भिंत आणि प्रत्येक दोन थरांनंतर एक बारीक लोखंडी सळी, इतके पुरेसे आहे. शंभराच्या आत विटा आणि दोन ते अडीच गोण्या सिमेंट लागते. काठाची उंची खुर्चीच्या बैठकीएवढी असल्यामुळे रुग्ण काठावर बसून एकेक पाय आत घेऊ शकतो. काठावर कडप्पा फरशी बसवावी व शेजारी धरण्यास लोखंडी नळ रोवावा. भिंती आतून घोटून गुळगुळीत कराव्यात, तळ मात्र किंचित खरखरीत ठेवावा. अभ्यंगानंतर तेलकट पाय तेथेच घसरतात. तळाला उतार देऊन बुचाची निचरा-नळी काढावी. गिलाव्यावर दोन आठवडे पाणी मारावे आणि नंतर कुंड भरून दोन-तीन वेळा रिते करावे, कारण नव्या सिमेंटचा क्षार त्वचेस दाह करतो. केवळ अर्शाच्या रुग्णासाठी हा खटाटोप नको. त्याला बसता येईल असे रुंद घमेले पुरते.

खरी अडचण कुंडाची नव्हे, उष्णतेची आहे. वरील मापात रुग्ण बसल्यावर सुमारे पावणेदोनशे लिटर पाणी लागते. ६० अंश सेल्सिअसचे ७५ लिटर आणि २५ अंशाचे १०० लिटर एकत्र केले म्हणजे मिश्रण ४० अंशाचे होते. घरगुती सौर तापकातून किंवा चुलवणावरील मोठ्या हंड्यातून एवढे गरम पाणी सहज मिळते. विजेवर तापवल्यास साधारण तीन युनिटे खर्ची पडतात. थंड भिंती एक-दोन अंश शोषून घेतात, म्हणून आधी थोड्या गरम पाण्याने कुंड विसळावे. निर्गुंडीच्या पानांचा किंवा दशमुळांचा दहा-बारा लिटर क्वाथ वेगळा उकळून याच हिशेबात मिसळावा. हातासाठी काचेचा तापमापक ठेवावा. ‘सोसवेल इतके’ हे माप येथे धोक्याचे आहे. वृषण, हृदय आणि नेत्र यांना स्वेद मृदूच असावा, असे शास्त्र सांगते; अवगाहात वृषण पाण्याखालीच राहतात, तेव्हा ४० अंशाची मर्यादा ओलांडू नये. वाढीव गरम पाणी रुग्ण आत असताना अंगाजवळ ओतू नये. विजेची तापन-सळई तर कुंडाच्या आसपासही नको.

मधुमेही व गर्भिणी यांस चरकाने स्वेदनास अनर्ह म्हटले आहे. मधुमेह्याच्या पायांची संवेदना मंदावली असेल तर पोळल्याचेही त्याला कळत नाही. हृद्रोगी आणि रक्तदाबाची औषधे घेणारे यांना घरी एकट्याने बसवू नये. पंधरा मिनिटे, किंवा शीत, शूल व स्तंभ उतरून घाम येईपर्यंत बसणे पुरे. दाह, मूर्च्छा किंवा चक्कर यांची चाहूल लागताच बाहेर काढावे. उठताना दुसऱ्याचा हात असावा आणि नंतर निवाऱ्यात बसवावे. उघड्या परसात वारा लागतो, हा या योजनेचा दोष खरा. तीन बाजूंनी चटईचा किंवा झापांचा आडोसा करावा.

प्रत्येक वेळी पाणी ताजेच घ्यावे. तेच पाणी दुसऱ्या दिवशी तापवून वापरल्यास त्वचेवर पुळ्या उठतात, आणि साठलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो. लहान मुले असलेल्या घरी तर रिते कुंडही झाकून ठेवावे. क्वाथाचे पाणी निवाल्यावर केळी-अळवाच्या आळ्यात सोडता येते. सैंधव घातले असल्यास मात्र शोषखड्ड्यात.