कुलूप आलं आणि गेलं

सप्टेंबर २०२३मध्ये क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीतून कुलपाचं चित्र नाहीसं झालं. त्या जागी दोन आडव्या रेघा आणि त्यांवर सरकणारी दोन बटणं असं एक चिन्ह आलं. कुणाचं काही अडलं नाही. पण ज्या कुलपाकडे बोट दाखवून बँकांनी आपल्याला वर्षानुवर्षं पढवलं होतं, ‘कुलूप दिसलं तरच पासवर्ड टाका’, ते काढताना गूगलने दिलेलं कारण मोठं बोलकं होतं. फसवणूक करणाऱ्या साइट्सही आता कुलूप लावूनच येतात, आणि लोक मात्र कुलूप पाहून साइट भरवशाची आहे असं धरून चालतात. तीस वर्षं खपून कुलूप पक्कं केलं, आणि ते पक्कं झाल्यावर कळलं की ते अर्ध्याच प्रश्नाचं उत्तर होतं.

मुळात कुलूपही नव्हतं, किल्ली होती. डिसेंबर १९९४मध्ये आलेल्या नेटस्केप नॅव्हिगेटरच्या खिडकीत खाली डावीकडे ती दिसे. पान साधं असेल तर मोडकी, मजकूर एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे सांकेतिक रूपात, जात-येत असेल तर अखंड. कल्पना चांगली होती, माल कच्चा होता. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. त्याच महिन्यात फ्रान्समध्ये दामियँ दोलिजे यांनी शंभरावर संगणक कामाला लावून नेटस्केपच्या ४० बिटांच्या किल्लीने बंद केलेला संदेश आठ दिवसांत फोडून दाखवला. ही ४० बिटांची मर्यादा अमेरिकन सरकारची. एन्क्रिप्शन म्हणजे युद्धसामग्री, अशी त्यांची तेव्हाची समजूत, त्यामुळे १२८ बिटांची मजबूत आवृत्ती घरच्यांना आणि कमजोर आवृत्ती बाकीच्या जगाला. जानेवारी २०००मध्ये हे नियम सैल झाले. तोवर आपल्याकडे उतरवून घेतलेल्या ब्राउझरची किल्ली दिसायला अखंड असली तरी जातीची अधूच होती.

घरच्यांचं तरी काय? सप्टेंबर १९९५मध्ये बर्कलीच्या इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर या दोन विद्यार्थ्यांनी दाखवलं, की नेटस्केप आपली गुप्त किल्ली संगणकातली वेळ आणि चालू प्रोग्रॅमचे क्रमांक यांवरून बनवतो. दोन्ही गोष्टींचा अंदाज बांधता येतो, म्हणजे किल्लीचाही येतो. बिटं १२८ असली काय नि ४० असली काय, सारखंच.

याच नेटस्केपमध्ये, १९९४मध्ये, लू माँटुली या तरुणाने कुकी जन्माला घातली. खरेदीच्या साइटला पहिल्या पानावरचं गिऱ्हाईक दुसऱ्या पानावर ओळखता येईना, म्हणून त्याच्या संगणकात एक छोटी खूण ठेवायची, एवढाच हेतू. पण एका पानावरची चित्रं दहा ठिकाणांहून येऊ शकतात, आणि त्यातला प्रत्येक जण आपापली खूण ठेवू शकतो. जाहिरातवाल्यांनी हे फार लवकर हेरलं. फेब्रुवारी १९९७मध्ये कुकींचा पहिला प्रमाण-दस्तऐवज निघाला. परक्या साइटच्या कुकी ब्राउझरने आपणहून नाकाराव्यात, असा त्याचा रोख होता. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट, एकमेकांचे हाडवैरी, इथे मात्र एकमताने गप्प बसले. माझ्या मते ब्राउझरच्या इतिहासातला सगळ्यात महाग पडलेला निर्णय हाच. तेव्हा तो फुकटात घेता आला असता. पुढे त्यावर एक अख्खा उद्योग उभा राहिला, आणि मग तो घेणं कुणालाच परवडेना.

पुढची काही वर्षं मात्र गोपनीयतेचा विचार करायलाही कुणाला सवड नव्हती, कारण घरच जळत होतं. २००१चा इंटरनेट एक्स्प्लोरर ६ जगातल्या बहुतेक संगणकांवर होता आणि मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्हएक्स या तंत्राच्या वाटेने कुठलीही साइट थेट विंडोजच्या आतड्यात हात घालू शके. जून २००४मध्ये अमेरिकेच्या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेनेच दुसरा ब्राउझर वापरण्याचा पर्याय सुचवला. त्याच नोव्हेंबरात फायरफॉक्स १.० आला. ‘कुठला ब्राउझर घ्यावा’ हा प्रश्न सामान्य माणसाला पहिल्यांदा पडला तो तेव्हा, आणि उत्तर सोपं होतं: एक्स्प्लोरर सोडून कुठलाही.

आपल्याकडे ते सोडणं सोपं नव्हतं. ई-निविदा भरायची, विवरणपत्रावर डिजिटल सही करायची, तर साइटवर स्पष्ट लिहिलेलं असे: इंटरनेट एक्स्प्लोररच हवा, जावाची अमुकच आवृत्ती हवी, सुरक्षेची पातळी कमी करा, पॉप-अप चालू ठेवा. कित्येक सीएंच्या आणि कंत्राटदारांच्या कार्यालयात सहीचं यूएसबी टोकन लावायला एक जुनाट संगणक राखून ठेवलेला असे, आणि त्याला अपडेट करायची सक्त मनाई. सुरक्षित सहीसाठी आधी सुरक्षा काढून ठेवायची, हा विनोद आपण सगळ्यांनी बिनतक्रार पार पाडला. जून २०२२मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्स्प्लोरर अधिकृतपणे निवृत्त केला. त्याची आठवण काढून गहिवरलेला माणूस अजून मला भेटायचा आहे.

क्रोमचं श्रेय नाकारता येत नाही. सप्टेंबर २००८मध्ये तो आला तेव्हा प्रत्येक टॅब वेगळ्या कोठडीत चालवण्याची त्याची रचना नवी होती. एका पानात घुसलेला चोर तिथेच अडकून पडावा, शेजारच्या टॅबमधल्या बँकेपर्यंत त्याचा हात पोहोचू नये. ब्राउझर मालकाला न विचारता स्वतःला अद्ययावत करत राहिला, हेही मोठंच काम. आज बहुतेक ब्राउझर याच वाटेने चालतात. निव्वळ चोरापासूनच्या बचावाचं बोलायचं तर क्रोम तेव्हा पुढे होता आणि आजही पहिल्या रांगेत आहे.

त्याच्याबरोबर इन्कॉग्निटो ही मागे नोंद न ठेवणारी खिडकी आली. ही कल्पना सफारीने २००५मध्येच आणली होती. सायबर कॅफेच्या काळात ती सोन्याच्या मोलाची ठरली असती. तिथे आदल्या गिऱ्हाइकाचं उघडं राहिलेलं खातं सापडणं ही रोजची गोष्ट होती. एकाच संगणकावर बसणाऱ्या पुढच्या माणसापासून लपवणं, हेच त्या काळ्या खिडकीचं खरं काम. लोकांनी मात्र तिचा अर्थ ‘आता कुणालाच दिसत नाही’ असा घेतला, आणि ती टोपीवाल्या हेराची आकृती पाहून दुसरा कुठला घ्यावा? जून २०२०मध्ये अमेरिकेत यावरून गूगलवर खटला उभा राहिला. २०२४च्या तडजोडीत गूगलने अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल केलं आणि खिडकीवरचा इशारा नव्याने लिहिला गेला.

कुलपाची सरशी झाली ती २०१०नंतर. त्या ऑक्टोबरात एरिक बटलर यांनी फायरशीप नावाचं फायरफॉक्सला जोडायचं साधन प्रसिद्ध केलं. कॉफीच्या दुकानातल्या मोकळ्या वायफायवर बसायचं आणि, पानांना कुलूप नसल्यामुळे, शेजारच्या टेबलावरच्याचं फेसबुक खातं एका टिचकीत उघडायचं. ते करणं किती सोपं आहे हे दाखवण्यासाठीच त्यांनी ते बनवलं होतं. मग २०१३मध्ये अमेरिकी सरकारच्या पाळतीविषयीची एडवर्ड स्नोडेन यांची कागदपत्रं बाहेर आली, २०१५च्या अखेरीस लेट्स एन्क्रिप्टने प्रमाणपत्रं फुकट वाटायला सुरुवात केली, आणि जुलै २०१८पासून क्रोमने एचटीटीपीएस, म्हणजे कुलूप, नसलेल्या प्रत्येक साइटवर ‘सुरक्षित नाही’ असा शिक्का मारला. पाकीट वाटेत कुणी फोडणार नाही, ही हमी आता जवळपास सगळ्यांना मिळाली. पाकीट ज्याच्या हाती पडतं तो भला की बुरा, याची हमी त्यात कधीच नव्हती.

पाकिटावरचा पत्ता खरा, एवढीच हमी असते; ती प्रमाणपत्र देणाऱ्यांवर सोपवलेली, आणि त्यांचीच तटबंदी फुटू शकते. २०११मध्ये डिजिनोटार या डच कंपनीत घुसून कुणीतरी गूगलच्या नावाचं खोटं प्रमाणपत्र काढलं; ते इराणमधल्या लोकांवर पाळत ठेवायला वापरलं गेलं आणि कंपनी त्याच सप्टेंबरात दिवाळखोरीत गेली. तीन वर्षांनी पाळी भारताची होती. २ जुलै २०१४ रोजी गूगलच्या लक्षात आलं की आपल्या काही डोमेनची अनधिकृत प्रमाणपत्रं फिरताहेत, आणि ती भारत सरकारच्या एनआयसी या संस्थेच्या अधिकाराखाली निघालेली आहेत. एनआयसीला तो अधिकार कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग ऑथॉरिटीज, म्हणजे सीसीएकडून मिळालेला. सीसीएचं मूळ प्रमाणपत्र मायक्रोसॉफ्टच्या विश्वासूंच्या यादीत होतं, म्हणून विंडोजवरचे एक्स्प्लोरर आणि क्रोम ते मानत. फायरफॉक्स आपली यादी वेगळी ठेवतो. त्यात सीसीए नव्हतं, त्यामुळे फायरफॉक्सवाल्यांना धक्का लागला नाही. सीसीएने दुसऱ्याच दिवशी ती प्रमाणपत्रं रद्द केली. एनआयसीच्या प्रमाणपत्र देण्याच्या प्रक्रियेतच कुणी शिरलं होतं, असं निष्पन्न झालं. मग क्रोमने सीसीएवरचा विश्वास gov आणि nic अशा ठरावीक भारतीय पत्त्यांपुरता मर्यादित केला. या प्रकरणाची आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही. ब्राउझर निवडताना आपण रंगरूप आणि वेग पाहतो. खरं तर आपण ही विश्वासूंची यादी निवडत असतो.

याच काळात महाराष्ट्रातल्या गावोगावी, स्वस्त फोनवर आणि रडतखडत चालणाऱ्या टूजीवर, यूसी या चिनी ब्राउझरचं राज्य होतं. पानं आपल्या सर्व्हरवर दाबून बारीक करून पाठवायची, त्यामुळे डेटा वाचे. म्हणजे मधल्या माणसाला स्वतःहून घरात बसवायचं, पैसे वाचवण्यासाठी. मे २०१५मध्ये टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने दाखवून दिलं की त्याच्या चिनी आवृत्तीतून सिमचा आणि हँडसेटचा ओळखक्रमांक नीट एन्क्रिप्ट न होता बाहेर जातो, आणि इंग्रजी आवृत्तीत शोधलेले शब्द उघडेच प्रवास करतात. खप घटला नाही. यूसी गेला तो २९ जून २०२०ला, गलवान खोऱ्यातल्या भारत-चीन चकमकीनंतर बंदी आलेल्या ५९ ॲपच्या यादीत. खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ला एकमताने सांगितलं होतं. फोनमधल्या ब्राउझरपर्यंत तो हक्क पोहोचायला सीमेवर चकमक व्हावी लागली.

आणि ती १९९७ची परकी कुकी? ॲपलने सप्टेंबर २०१७पासून सफारीत तिचे पाय आणखी आवळून बांधले, फायरफॉक्सने सप्टेंबर २०१९पासून माग काढणाऱ्या कुकी सरसकट अडवल्या. जानेवारी २०२०मध्ये गूगलनेही दोन वर्षांत तिला घालवायचा शब्द दिला. मग मुदत २०२३, मग २०२४, मग २०२५. जुलै २०२४मध्ये बेत सोडून दिला, आणि एप्रिल २०२५मध्ये वापरणाऱ्याला वेगळं विचारायचंही रद्द झालं. स्पर्धक जाहिरात कंपन्या आणि ब्रिटनचे नियामक म्हणत होते की कुकी गेल्या तर गूगलचंच फावेल. तेही खरं आहे. पण ज्या कंपनीची मुख्य कमाई जाहिरातीची, तिच्याच हाती जगातला सर्वाधिक खपाचा ब्राउझर असल्यावर दुसरं काय होणार होतं?

कुणी विचारलं तर मी संगणकावर फायरफॉक्स आणि त्यात जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन असं सांगतो. आयफोनवर सफारी पुरे. ब्रेव्हही वाईट नाही. पण निवडीचं हे दुकान दिसतं तेवढं मोठं नाही. एज, ब्रेव्ह, ऑपेरा, व्हिवाल्डी, सगळ्यांच्या पोटात क्रोमचाच पाया असलेलं गूगलचं क्रोमियम. भारत सरकारने २०२३मध्ये स्वदेशी ब्राउझरची स्पर्धा जाहीर केली. महत्त्वाची अट अशी, की त्याच्या विश्वासूंच्या यादीत सीसीए असलं पाहिजे. मार्च २०२५मध्ये झोहोला एक कोटीचं पहिलं बक्षीस मिळालं. झोहोचा उला हा ब्राउझरही क्रोमियमवरच चालतो. ॲपलच्या सफारीखेरीज उरला फायरफॉक्स, आणि त्याच्या उत्पन्नाचा मोठा वाटा शोधपेटीत गूगल ठेवल्याबद्दल गूगलच देतं. सप्टेंबर २०२५मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायाधीशांनी गूगलविरुद्धच्या मक्तेदारीच्या खटल्यात क्रोम विकायला लावलं नाही, आणि असे पैसे देण्यावर बंदीही घातली नाही. तशी बंदी येऊ नये, असं फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलानेही न्यायालयात सांगितलं होतं.