अवजलाच्या काठाने : अलोरे ते वाशिष्ठीची खाडी

अलोऱ्याच्या खाली वाशिष्ठी भर मे महिन्यातही वाहत असते. त्याच दिवसांत कोकणातल्या बहुतेक नद्यांच्या पात्रांत दगडगोटे उघडे पडलेले असतात, डोहांत साठलेले तेवढे पाणी उरते आणि वाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. वाशिष्ठी मात्र वाहते, आणि दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी कमी-जास्त वाहते. उन्हाळ्यातले हे पाणी मुख्यतः कोयनेचे आहे, म्हणजे कृष्णेच्या खोऱ्यातले. बंगालच्या उपसागराकडे निघालेले हे पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यांनी पश्चिमेला आणले गेले. वीज करून झाल्यावर ते नदीत सोडतात. त्याला इथे सगळे अवजल म्हणतात.

या अवजलाच्या काठाने पायी आणि सायकलने फिरावे, यासाठी हा लेख. तळी आणि पाणथळी पाहायला लोक भरतपूरला किंवा नांदूरमधमेश्वरला जातात, परदेशात असले तर नेदरलँड्सच्या कालव्यांकाठी सायकल चालवतात. चिपळूण तालुक्यातल्या या वीसेक किलोमीटरच्या पट्ट्यात धरणाचा जलाशय, बारमाही नदी, भाताची खाचरे आणि पुढे कांदळवनाची खाडी असा पाण्याचा सगळा संसार एका ओळीत लागतो. तो गाडीच्या काचेतून दिसत नाही.

डोंगरापलीकडून

कोयना धरण १०३ मीटर उंच, देशमुखवाडीजवळ बांधलेले. त्याच्या शिवसागर जलाशयातले पाणी नवजाकडून बोगद्याने घाटमाथा ओलांडते आणि पोफळीच्या भूमिगत वीजघरात उतरते. तिथे काम झाले की ते कोळकेवाडी धरणात साठते. कोयना वीज प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्याचे पाणीही तिथेच येते. त्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी शिवसागराच्या तळाशी स्फोट करून जलाशयालाच छेद दिला गेला, आणि २०१२ मध्ये तसाच दुसरा. कोळकेवाडीतून पाणी पुन्हा उतरते ते अलोऱ्याच्या तिसऱ्या टप्प्याच्या वीजघरात. तिथे प्रत्येकी ८० मेगावॅटचे चार संच आहेत. त्यानंतर ते वाशिष्ठीला मिळते.

या प्रकल्पाने अलोऱ्याचे रूप पालटले. भातशेतीच्या गावाशेजारी अभियंते, कामगार, कारकून यांची वसाहत उभी राहिली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप या साऱ्या परिसराने सोसला. कृष्णा पाणीवाटप लवादाने कोयनेतून पश्चिमेला वळवायच्या पाण्याची मर्यादा वर्षाला ६७.५ टीएमसी ठरवली. चिपळूण शहराचे नळ आणि लोटे-परशुरामची औद्योगिक वसाहत आज या पाण्यावर अवलंबून आहेत. वीजनिर्मिती थांबली की नदी खाली जाते आणि शहराला पाण्याची चिंता लागते.

कोळकेवाडीचा काठ

कोळकेवाडीचे धरण सुमारे ६३ मीटर उंच. वरून येणारे आणि खाली जाणारे पाणी यांचा मेळ घालण्यासाठी ते बांधले, म्हणून त्याची पातळी सतत हलती असते. पाणी उतरले की काठाला ओल्या मातीची पट्टी उघडी पडते. तिच्यावर टिटव्या आणि धोबी चरतात, वंचक मान आखडून उभा राहतो, वठलेल्या झाडावर पाणकावळे पंख पसरून बसतात. पाणी चढले की सगळे मागे सरकतात. ही पट्टी पाहायची तर सकाळी लवकर, आणि चालत. सायकल रस्त्याला लावून पंधरा मिनिटे एका जागी उभे राहिले, तरच खंड्याचा सूर दिसतो.

धरणाची भिंत, वीजघर आणि त्यांच्या आसपासचा भाग प्रतिबंधित आहे. तिथे परवानगीशिवाय जाऊ नये. गावातून जाणारे रस्ते आणि पायवाटा फिरायला पुरेशा आहेत. दुसरी खबरदारी नदीची. पात्रातल्या दगडांकडे नीट पाहिले, तर काठावर एकाखाली एक ओल्या रेषा दिसतात. सर्वांत वरची रेष हीच पाण्याची खरी हद्द, कारण संच सुरू झाले की पाणी तिथवर परत येते. कोरड्या वाटणाऱ्या दगडावर बसून पाय सोडण्याचा मोह इथे टाळावा.

खाचराचे पाणी

अलोऱ्याहून चिपळूणकडे येताना दोन्ही बाजूंना भाताची खाचरे लागतात. यांना कुणी पाणथळ म्हणत नाही, पण ती आहेत. इराणमधल्या रामसर शहरात २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळींचा जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या व्याख्येत नैसर्गिक आणि कृत्रिम, कायमच्या आणि हंगामी अशा सगळ्या पाणथळी येतात. नद्या आणि भातखाचरेही येतात. आपल्या २०१७ च्या पाणथळ नियमांनी मात्र नदीचे पात्र आणि भातशेती व्याख्येतून वगळली. पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी बांधलेले तलावही वगळले. त्या नियमांनी कोकण मोजायचे ठरवले, तर कोकणातले बहुतेक पाणी हिशेबातच येत नाही.

खाचर काय करते, हे जूनमध्ये कळते. पहिल्या मोठ्या पावसात पऱ्ये भरून वाहू लागतात आणि नदीतले मासे उलट्या प्रवाहाने वर चढतात. हे चढणीचे मासे. मेरेच्या फटीतून, दोन खाचरांमधल्या हातभर पाण्यातून ते अंगाला झटके देत वर सरकतात आणि उथळ, कोमट पाण्यात अंडी घालतात. त्यांच्या मागे खेकडे, बेडूक, पाणसाप आणि बगळे येतात. चढणीचे मासे पकडण्याची हौस कोकणात पूर्वापार आहे. पण अंड्यांनी भरलेली मादी पोहोचण्याआधीच पकडली, तर पुढच्या वर्षीचे मासे तिथेच संपतात, हेही जाणती माणसे सांगत आली आहेत. भात कापल्यावर त्याच ओलीवर कुळीथ, पावटा, चवळी होते. खाचर पडीक टाकले आणि मेर फुटली, की पाणी थांबत नाही, मातीसकट नदीत जाते.

डचांनी काय केले

तुलनेसाठी नेदरलँड्स घ्या. त्या देशाचा सुमारे एक चतुर्थांश भूभाग समुद्रसपाटीखाली आहे. तिथली कित्येक रमणीय तळी निसर्गाने दिलेली नाहीत. जळणासाठी शतकानुशतके दलदलीतले पीट खणून काढले, त्या खड्ड्यांत पाणी भरले आणि तळी झाली. उलट हार्लेमरमेर हे प्रचंड सरोवर त्यांनी वाफेच्या पंपांनी उपसून १८५२ मध्ये कोरडे केले. स्किपोल विमानतळ आज त्याच्या तळावर आहे. पाण्याशी असे झुंजणाऱ्या देशात १९०४ च्या सुमारास अ‍ॅमस्टरडॅमचा कचरा नारडेरमेर या तळ्यात टाकण्याचा बेत निघाला. निसर्गप्रेमींनी तो हाणून पाडला, १९०५ मध्ये संस्था काढली आणि १९०६ मध्ये तळेच विकत घेतले. तो त्या देशातला पहिला राखीव निसर्गप्रदेश.

त्या तळ्यांकाठी आज कुणीही नकाशाशिवाय सायकल चालवू शकतो. प्रत्येक तिठ्यावर क्रमांकाचा खांब असतो. आपण फक्त क्रमांकांची यादी जवळ ठेवायची. ही पद्धत १९९० च्या दशकात शेजारच्या बेल्जियममध्ये ह्युगो बोलेन या खाण अभियंत्याने सुचवली. पुरांनी धडा शिकवल्यावर डचांनी ठिकठिकाणी बांध मागे सरकवून नदीला पसरायला जागाही परत दिली.

हे चिपळूणला परके वाटू नये. २२ जुलै २०२१ च्या पुरात शहर बुडाले. त्यानंतर चिपळूणकर गाळ काढण्याच्या मागणीसाठी उपोषणाला बसले आणि वाशिष्ठीतला गाळ उपसला गेला. त्याआधी २ जुलै २०१९ च्या रात्री वरच्या अंगाला तिवरे धरण फुटून माणसे वाहून गेली होती. नदीला जागा हवी, हे या तालुक्याला कुणी शिकवायला नको.

खाडीपर्यंत

चिपळूणला गोवळकोटजवळ नदीला भरतीचे पाणी भेटते आणि वाशिष्ठीची खाडी सुरू होते. ती पुढे दाभोळला समुद्राला मिळते. इथून सायकलपेक्षा होडी बरी. ओहोटीला चिखलाच्या काठावर मगरी उन्हात पडलेल्या दिसतात, मागे कांदळवन. कोकणच्या खाड्यांकाठी खारबंधारे घालून पिकवलेली खार जमीनही दिसते. भरतीचे पाणी बांधाने अडवायचे, आतले पाऊसपाणी ओहोटीला सोडायचे आणि त्या जमिनीत भात घ्यायचे. डचांच्या पोल्डरमागचे, म्हणजे बांध घालून कोरड्या केलेल्या जमिनीमागचे तत्त्व हेच आहे, आणि आपल्या शेतकऱ्यांनी ते हाताने राबवले.

आपल्या हातातले

फिरायला ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. पावसाळ्यात जायचे तर खाचरे पाहायला, आणि नदीपासून लांब राहून. पण नुसते फिरून भागणार नाही. नांदूरमधमेश्वर हा महाराष्ट्राचा पहिला रामसर पाणथळ प्रदेश गोदावरीवरच्या बंधाऱ्याने तयार झाला, म्हणजे माणसाच्याच हाताने. तेव्हा अलोऱ्याचे पाणी कृत्रिम म्हणून दुय्यम मानण्याचे कारण नाही.

जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असावी लागते. पाणथळ नियमांनी जे वगळले, ते या नोंदवहीत लिहायला कुणाची आडकाठी नाही. अलोरे, कोळकेवाडी, पोफळी, शिरगाव या गावांतल्या शाळांनी आपापले डोह, पऱ्ये, झरे आणि चढणीच्या माशांच्या वाटा मुलांकडून चालत नोंदवून घ्याव्यात. ग्रामसभेने त्या वाचून मंजूर कराव्यात. मग त्याच वाटांवर क्रमांकाचे साधे दगड रोवावेत, म्हणजे बाहेरून येणाऱ्यालाही कुठे चालायचे आणि कुठे थांबायचे ते कळेल. याला मोठा निधी लागत नाही. येत्या २ फेब्रुवारीला जागतिक पाणथळ दिन आहे. सुरुवातीला तो दिवस चांगला.