भंडारदऱ्याच्या पुढे रतनवाडीपर्यंत जा!

भंडारदऱ्याला येणारे बरेच जण धरण पाहून परततात. अकोले तालुक्यातला हा मुलूख एवढ्यावर सोडू नका! जलाशयाच्या वरच्या टोकाला रतनवाडी आहे. तिथलं अमृतेश्वराचं कोरीव दगडी मंदिर सावकाश बघा, पुष्करणीही. गावातून जंगलातली वाट रतनगडावर जाते. शेवटी लोखंडी शिड्या आणि माथ्यावर कातळात आरपार पडलेलं नेढं. तिथल्या भन्नाट वाऱ्यात बसून कळसूबाई शिखर आणि अलंग, मदन, कुलंग हे किल्ले ओळखायचे, यासारखं सुख नाही. १६४६ मीटर उंचीची कळसूबाई बारी गावातून चढा. साम्रदची सांदण दरी पावसाळ्यात टाळाच. अरुंद घळीत पाणी अचानक वाढतं. या भागात काजवे दिसतात ते मेअखेर ते जूनच्या पहिल्या सरींपर्यंत; तेव्हा टॉर्च बंद ठेवा, झाडांपासून लांब राहा आणि जेवण गावातल्याच घरी सांगा.